एका दमात पंधरा शिंका!

दिवाळीची सुट्टी लागली की माझा भाचा कोल्हापूरला येतो आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याची 'आक् छी' सुरू होते. गेल्या वर्षी मी मोजल्या. एका दमात पंधरा शिंका! अंगात ताप नाही, पण डोळे लाल आणि नाकाला धार. आजी म्हणाली, "हळद-दूध द्या त्याला." मामी म्हणाली, "आलं आणि गुळाचा खडा." मी म्हटलं, "तांबडा रस्सा पाजा, नाक कसं मोकळं होतं बघा!"

झालं की मोकळं! तिखटानं नाकातून पाणी सुटतंच. पण अर्ध्या तासानं पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दोस्तांनो, ही साधी सर्दी नव्हती, अॅलर्जी होती. सर्दी विषाणूमुळे होते. अॅलर्जीत मात्र आपलं शरीर फुलातल्या निरुपद्रवी परागकणाला शत्रू समजतं आणि हिस्टामीन नावाचं रसायन सोडतं. मग खाज, शिंका, पाणी! इंग्लंडमधल्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरांना स्वतःलाच हा त्रास होता. त्यांनी परागकण स्वतःच्याच नाकात घालून पाहिले आणि १८७३ साली पुस्तक लिहून सांगितलं, की दोषी हेच!

आपल्याकडचा मोठा दोषी म्हणजे गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. पानं गाजरासारखी, फुलं बारीक पांढरी. मूळचं अमेरिका खंडातलं हे गवत भारतात असल्याची नोंद १९५६ साली पुण्याहून झाली. आता ते रस्त्याकडेला, पडीक जागेत, सगळीकडे दिसतं. उघड्या हातानं उपटू नका, कातडीलाही खाज सुटते. त्यातच आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं पेटतात, पुढे उसाचं पाचट जाळतात. धूर म्हणजे अॅलर्जी नव्हे, पण आधीच चिडलेलं नाक त्यानं आणखी चिडतं.

मग स्वयंपाकघरातलं काय उपयोगी? हळद-दूध, आलं-गूळ, गरम सूप यांनी घशाला बरं वाटतं, बस्स. आवळा, पेरू जरूर खा, पण त्यांनी शिंका थांबतात असं सिद्ध झालेलं नाही. मधाचंही तेच. मधमाशी बहुतेक चिकट, जड पराग गोळा करते, तर नाकात शिरतात ते वाऱ्यावर उडणारे. 'परागकणांची शक्तिवर्धक पावडर' मात्र अॅलर्जी असलेल्यांनी अजिबात घेऊ नये. कुणाकुणाला त्यानं श्वास अडकण्याइतका त्रास झाला आहे.

खरा उपयोग होतो तो साध्या मिठाच्या पाण्याचा! उकळून कोमट केलेल्या पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून नाक धुवायचं. पाणी उकळलेलंच हवं आणि शेजारी मोठं माणूस हवं. बाहेरून आल्यावर तोंड धुवा, कपडे बदला. छातीत घरघर किंवा धाप असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा. डॉक्टरांनी दिलेला पंप काढ्याच्या भरवशावर बंद करू नका. आईबाबांनो, हे तुमच्यासाठी!

भाच्याला मी एक वही दिली. शिंका कधी, कुठे, किती ते लिहायचं. आठ दिवसांत उलगडा झाला! क्रिकेटच्या प्लॉटवर गेलं की शिंका, घरात बसलं की नाही. प्लॉटच्या कडेला कमरेइतकं गाजर गवत माजलेलं. ती वही पाहून डॉक्टरांचंही काम सोपं झालं. त्यांनी औषध दिलं, पोरांनी मैदान बदललं.

यंदा मी पुन्हा मोजल्या. चार. आजी म्हणते, "बघ, माझ्या हळद-दुधाचाच गुण!"