पॅरा पॉवरलिफ्टिंगमधील बेंच प्रेस तंत्राचे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्रफीत विश्लेषण : उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :

पॅरा पॉवरलिफ्टिंग या क्रीडाप्रकारात बेंच प्रेस ही एकच उचल असते. पॅरालिम्पिक स्पर्धांमध्ये पॉवरलिफ्टिंगचा समावेश १९८४ साली झाला आणि २००० च्या सिडनी स्पर्धेपासून महिलांनाही त्यात प्रवेश मिळाला. भारताच्या राजिंदरसिंग रहेलू यांनी २००४ मध्ये अथेन्स येथे ५६ किलो गटात कांस्यपदक मिळविले, तर सुधीर यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. असे असूनही आपल्याकडील बहुतेक सरावस्थळी तंत्राचे मूल्यमापन आजही केवळ प्रशिक्षकाच्या नजरेवर अवलंबून आहे. मोबाईलवरील चित्रण व कृत्रिम बुद्धिमत्ता यांची जोड या नजरेला कितपत देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उचलीचे वेगळेपण :

सर्वसाधारण बेंच प्रेसमध्ये खेळाडू पाय जमिनीवर रोवून त्यांचा जोर घेतो. येथे मात्र पाय बाकावरच लांब ठेवलेले असतात व गरजेनुसार पट्ट्याने बांधले जातात. त्यामुळे संपूर्ण भार छाती, खांदे व दंडाच्या मागील स्नायूंवर येतो. पंचांची आज्ञा मिळाल्यावर बार छातीपर्यंत आणणे, तेथे तो निश्चल ठेवणे व नंतर दोन्ही हात समान रीतीने सरळ करून कोपरे ताठ करणे, अशी ही क्रिया आहे. तीन पंचांपैकी किमान दोघांचे पांढरे दिवे लागले तरच उचल ग्राह्य धरली जाते. क्षणभराचा थांबा अपुरा पडला किंवा एक बाजू मागे राहिली, तर अनेक महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

याहून महत्त्वाची बाब खांद्यांची आहे. चाकाच्या खुर्चीचा वापर करणाऱ्या खेळाडूस खुर्ची ढकलणे, पलंगावर चढणे, वाहनात बसणे ही सर्व कामे खांद्यांच्याच बळावर करावी लागतात. सदोष तंत्रामुळे खांदा दुखावल्यास त्याचा खेळ तर थांबतोच, शिवाय घरातील हालचालही थांबते.

विश्लेषणाची कार्यपद्धती :

चित्रफितीतून दोन गोष्टींचा मागोवा घेतला जातो : बारचा आणि शरीराच्या सांध्यांचा. यापैकी बारचा मागोवा तुलनेने सोपा आहे. मोठ्या चकतीचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो व तीच मोजपट्टी म्हणून वापरता येते. समजा, पडद्यावर ही चकती ३०० चित्रबिंदू व्यापते. म्हणजे एक चित्रबिंदू दीड मिलीमीटरचा झाला. बार २४० चित्रबिंदू वर गेला तर अंतर ३६ सेंटीमीटर भरते. सेकंदाला ६० चौकटींच्या चित्रणात त्यास ५४ चौकटी लागल्या, तर वेळ ०.९ सेकंद व सरासरी वेग सेकंदाला ४० सेंटीमीटर येतो. त्याच वजनाला पुढील आठवड्यात हा वेग घटला तर थकव्याची शंका घेता येते. वर जाताना वेग नेमका कोणत्या उंचीवर मंदावतो, म्हणजे उचल कोठे 'अडते', हेही आलेखावर दिसते. सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रणात दोन चौकटींमध्ये सुमारे ३३ मिलिसेकंदांचे अंतर पडते. छातीवरील थांबा त्यात कळतो, परंतु बारची बारीकशी घसरण निसटू शकते.

सांध्यांसाठी गुगलच्या 'मीडियापाइप'सारख्या प्रणाली उपलब्ध आहेत. ही प्रणाली शरीरावरील ३३ बिंदू शोधते व त्यांवरून कोपराचा कोन काढता येतो. मात्र एकाच कॅमेऱ्यातून मिळणारा कोन हा सपाट प्रतिमेवरील कोन असतो. कोपरे बाहेर फाकलेली असल्यास तो फसवा ठरतो. म्हणून एक कॅमेरा बाजूने व दुसरा पायांच्या दिशेने लावावा. दुसऱ्यातून बार कोणत्या बाजूस कलतो ते स्पष्ट दिसते.

मर्यादा :

अशा प्रणालींचे शिक्षण बहुतांशी अपंगत्व नसलेल्या, उभ्या वा चालत्या माणसांच्या चित्रांवरून झालेले असते. उताणा झोपलेला, चकतीआड अर्धा झाकलेला देह त्यांना अपरिचित असतो. शिवाय बिंदूंची संख्या आधीच ठरलेली असल्याने नसलेल्या अवयवासाठीही त्या एखादी जागा सांगून मोकळ्या होतात. प्रस्तुत लेखकाने गुडघ्याखाली पाय नसलेल्या एका खेळाडूचे चित्रण केले असता पडद्यावर नडगीची हिरवी रेषा उमटली. तो हसून म्हणाला, "सर, याने तर मला पाय लावून दिला!" विनोद सोडला तरी प्रश्न उरतोच. पायांच्या चुकीच्या बिंदूंवरून शरीराची मध्यरेषा काढली, तर बरोबर उचलही 'तिरकी' ठरते. त्याचप्रमाणे ज्याचे कोपर शारीरिक कारणाने पूर्ण सरळ होत नाही, त्यास १८० अंशांची अट लावणे हा तंत्राचा निकष होऊ शकत नाही.

यावर उपाय अवघड नाही. कमरेखालील बिंदू गणनेतून वगळावेत, खांदा, कोपर, मनगट व बार यांवरच भर द्यावा आणि तुलना कोणा आदर्श देहाशी न करता त्याच खेळाडूच्या आधीच्या ग्राह्य उचलींशी करावी. प्रणालीने दर्शविलेला दोष प्रशिक्षकाने मूळ चित्रफितीत पडताळल्याशिवाय खेळाडूस सांगू नये. या चित्रणात खेळाडूच्या शरीराची अत्यंत खाजगी माहिती असते. त्यामुळे चित्रणापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी आणि तो सांगेल तेव्हा चित्रफीत पुसून टाकावी.