एका दहा अंकी संख्येची चौकशी

फळ्यावर ४२९४९६७२९७ ही संख्या मांडा. वाचायची ती अशी: चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. आता सांगा, ही मूळ संख्या की संयुक्त?

मूळ संख्या म्हणजे काय, हे रोपे लावणाऱ्याला चटकन् कळेल. बारा रोपे असली, तर चार-चारांच्या तीन ओळी होतात. तेरा असली, तर सारख्या ओळी काही जमत नाहीत. एकच लांब ओळ धरावी लागते. बारा संयुक्त, तेरा मूळ.

आपल्या संख्येचा शेवटचा अंक ७, तेव्हा २ ने किंवा ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नेही नाही. ७, ११, १३ घेऊन पाहा, दर वेळी बाकी उरतेच. ही संख्या मूळच असावी, असे कोणालाही वाटेल. फ्रान्समधल्या फर्मालाही तसेच वाटले होते.

फर्मा हा तूलूझच्या न्यायालयातला अधिकारी. गणित त्याचा फावल्या वेळचा छंद. २ घ्या, त्याचा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, मग २५६, मग ६५५३६. प्रत्येकात एक मिळवला, की ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ मिळतात. पाचही मूळ! ही रांग अशीच मूळ संख्यांची चालणार, असे त्याने १६४० साली पत्रातून कळवले. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती. ६५५३६ चा वर्ग करून एक मिळवला, की आपली संख्या येते.

साध्या रीतीने तपासायचे, तर ६५५३६ च्या आतल्या सर्व म्हणजे ६५४२ मूळ संख्यांनी भागून पाहायला हवे. हाताने हे करायला कोण बसणार? पण ऑयलरने वाट जवळची केली. या संख्येला ज्या मूळ संख्येने निःशेष भाग जाईल, तिला ६४ ने भागले असता बाकी १ च उरली पाहिजे, असे त्याने दाखवले. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चार फुकट जातात, पाचवीला भाग जातो! १७३२ साली ऑयलरने हा अवयव जाहीर केला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

शिक्षकबंधूंनी मुलांकडून ताळा करून घ्यावा. भागाकार ६७००४१७ येतो. त्याला ६०० ने गुणून ४०२०२५०२००, ४० ने गुणून २६८०१६६८०, आणि १ ने तोच ६७००४१७. तिन्हींची बेरीज करा. ६७००४१७ ही स्वतः मूळ आहे, तेव्हा आपली संख्या विषम, संयुक्त आणि दोनच मूळ अवयवांची ठरते. रोपांच्या ६४१ ओळी अगदी बरोबर बसतात.

त्या रांगेत ६५५३७ च्या पुढे आजवर एकही मूळ संख्या मिळालेली नाही. सहावीपासून तेहतिसावीपर्यंत सगळ्या संयुक्त ठरल्या. चौतिसावीचा निकाल अजून लागायचा आहे. एकविसावीची गोष्ट तर और आहे. तिच्यात तीन लाखांहून अधिक अंक आहेत. ती संयुक्त आहे हे निराळ्या कसोटीने यंत्रावर पक्के झाले आहे, पण तिला नेमका कशाने भाग जातो, हे अद्याप कोणाला सापडलेले नाही.