दहा लाखांत चौऱ्याऐंशी

दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह दुर्बिणीला 'दिसतात' अशी आपली समजूत असते. पण केप्लर दुर्बिणीने हजारो ग्रह शोधले ते न बघताच! तिने फक्त ताऱ्यांचा प्रकाश मोजला. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित घटतो. किती? सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट, म्हणजे पृथ्वीने झाकलेला भाग बारा हजारांत एक, दहा लाखांत ८४. तोही फार तर तेरा तास, मग वर्षभर शुकशुकाट. शिवाय अशा ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत असण्याची शक्यता सुमारे दोनशेत एक. म्हणून एकदम दीड लाख ताऱ्यांवर टक लावायची.

नासाच्या विल्यम बोरुकींचा प्रस्ताव १९९२ पासून चारदा नाकारला गेला. (प्रोजेक्ट गाईड आठवले ना?) इतके अचूक मोजता येईल हे कोणाला पटेना. मग त्यांच्या टीमने जे केले ते मला सगळ्यात आवडते. पत्र्याला बारीक छिद्रे पाडून मागून उजेड सोडला, हे झाले तारे. काही छिद्रांवर बारीक तार. तारेत करंट सोडला की ती तापून जराशी जाड होते आणि थोडा जास्त प्रकाश अडवते. झाला ग्रह! सीसीडीने तो पकडून दाखवला आणि २००१ मध्ये मंजुरी मिळाली.

मार्च २००९ मध्ये केप्लर उडाली. ९५ सेंमीचे छिद्र, ४२ सीसीडी. पण खरी गोम नेम धरण्यात. प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता वेगळी, त्यामुळे तारा जरा सरकला तरी प्रकाश घटल्याचा भास होतो. यान स्थिर ठेवायला चार रिअ‍ॅक्शन व्हील होती. चाक एकीकडे फिरवले की यान उलटीकडे वळते. तीन अक्षांना तीन, एक जादा. जुलै २०१२ मध्ये एक गेले, मे २०१३ मध्ये दुसरे. उरलेल्या दोघांवर तीन अक्ष कसे सांभाळणार?

इंजिनिअरांनी तिसरे चाक केले सूर्यप्रकाशाचे! प्रकाशालाही दाब असतो. सौर पॅनेलच्या दोन्ही अंगांवर तो सारखा पडेल असे यान धरायचे, बोटावर पट्टी तोलतो तसे. तरी ते हळूहळू कलंडतेच, मग दर सहा तासांनी थ्रस्टरची टिचकी. सूर्याची दिशा बदलत राहते, म्हणून साधारण ८० दिवसांनी आकाशाचा नवा तुकडा. असे ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालले, इंधन संपेपर्यंत. तोवर २,६०० हून जास्त ग्रह केप्लरच्या खात्यावर जमा झाले होते.