सार्वजनिक उतार आणि परके शिंपले

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे मोजण्यात आली आहेत. त्यांपैकी पुष्कळांच्या काठांवर खाजगी घरे असून, ज्याची काठावर जमीन नाही त्याला नाव घेऊन पाण्यापर्यंत जाण्याचा मार्ग बहुधा एकच असतो, तो म्हणजे नाव उतरविण्याचा सार्वजनिक उतार. मोटारीमागे ट्रेलरवर नाव लादून आणावयाची, या उतारावरून ती पाण्यात सोडावयाची, दिवसभर मासे धरावयाचे आणि पुढच्या सुट्टीत तीच नाव दुसऱ्या एखाद्या सरोवरावर न्यावयाची, असा तेथील सामान्य माणसाचा उन्हाळ्यातील क्रम असतो. परक्या जलचरांचा प्रसार या उतारांवरूनच होतो, सबब ते बंद करावेत किंवा त्यांवर कडक मर्यादा घालावी, अशी मागणी काठावरील जमीनमालकांकडून वेळोवेळी पुढे येते. तिच्या मागची भीती खरी आहे. परंतु तिच्यातून काढलेला निष्कर्ष प्राणिशास्त्राच्या कसोटीला कितपत उतरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम हक्काविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मिसिसिपी व सेंट लॉरेन्स या नद्यांना मिळणारी नौकानयनयोग्य जले हे सर्वांना सदैव खुले असे करमुक्त राजमार्ग होत, असे १७८७ च्या वायव्य प्रदेशविषयक अध्यादेशात नमूद झाले आहे. पुढे १८९२ मध्ये मिशिगन सरोवराच्या तळजमिनीसंबंधीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्य हे अशा जलांचे केवळ विश्वस्त असून ती जनतेच्या वतीने सांभाळते, हे तत्त्व मान्य केले. म्हणजे उतार ही शासनाने दाखविलेली मेहेरबानी नव्हे. तथापि विश्वस्ताला ठेव जतनही करावी लागते, आणि नेमकी येथेच अडचण उत्पन्न होते.

झेब्रा शिंपला हा मूळचा काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांच्या परिसरातील प्राणी. मोठ्या जहाजांचा तोल राखण्यासाठी त्यांच्या तळाशी जे पाणी भरतात त्यातून तो अमेरिकेत पोहोचला, असे मानले जाते. १९८८ मध्ये तो सेंट क्लेअर सरोवरात आढळला आणि अवघ्या दोन वर्षांत पाचही महासरोवरांत दिसू लागला. दिसण्यात तो आपल्या कोकणातील शिनाण्यासारखा असला तरी त्याचे कुल निराळे आहे. त्याच कुलातील एक भाईबंद, मायटिलॉप्सिस सॅली, १९६७ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात व नंतर मुंबईच्या गोद्यांत आढळला; तेव्हा हा विषय आपणांस अगदीच परका नाही. झेब्रा शिंपल्याची मादी एका हंगामात दहा लाखांपर्यंत अंडी घालू शकते. अंड्यांतून निघणारे डिंभ इतके सूक्ष्म असतात की नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, आणि काही आठवडे ते प्लवकांबरोबर पाण्यात तरंगत राहतात. पुढे चिवट धाग्यांच्या गुच्छाने हा प्राणी कोणत्याही कठीण पृष्ठभागाला घट्ट चिकटतो. १९८९ च्या अखेरीस मिशिगन राज्यातील मन्रो या शहराचा पाणीपुरवठा या शिंपल्यांनी पाणी ओढण्याचा नळ तुंबविल्याने खंडित झाला होता. सेंट क्लेअर सरोवरातील मूळच्या गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या अंगावर हे नवागत थरावर थर बसले आणि त्या देशी जाती तेथून काही वर्षांतच जवळजवळ नाहीशा झाल्या.

महासरोवरांपासून आतील सरोवरांपर्यंत हा प्रवास जमिनीवरून कसा होतो? सर्वसाधारण समज असा की शिंपले नावेच्या बुडाला चिकटून जातात. जॉन्सन, रिकियार्डी व कार्लटन या संशोधकांनी सेंट क्लेअर सरोवराच्या उतारांवर बाहेर पडणाऱ्या नावा तपासल्या, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या समजाला छेद दिला. दिवसभराच्या फेरीसाठी आलेल्या नावांच्या बुडाशी शिंपले चिकटलेले नव्हतेच. ते होते ट्रेलरला गुंतलेल्या पाणवनस्पतींवर, शेकडा ५.३ नावांच्या बाबतीत; आणि क्वचित नांगरावर, शेकडा ०.९ नावांच्या बाबतीत. मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीतील पाण्यात डिंभ विपुल सापडले, परंतु नव्या सरोवरात ते इतके विरून जातात की त्यांपासून वसाहत उभी राहण्याचा संभव पुष्कळच कमी.

याच निबंधातील पुढचे गणित अधिक विचार करण्याजोगे आहे. हवेत शिंपला किती काळ जगतो आणि नावा पुढे कोठे जातात, हे हिशेबात घेता केवळ शेकडा ०.१२ नावा जिवंत शिंपले आतील जलाशयांपर्यंत नेतात, असा अंदाज निघाला. म्हणजे हजारात जेमतेम एक! एकेका नावाड्याच्या दृष्टीने हा धोका नगण्य म्हणावा लागेल, आणि म्हणूनच त्याला दोष देणे निरर्थक ठरते. परंतु नावांची संख्याच एवढी प्रचंड की एकाच उतारावरून एका उन्हाळ्यात असे १७० प्रसंग घडावेत, असे भाकीत करण्यात आले. २००७ च्या जानेवारीत झेब्रा शिंपल्याचा सगोत्र क्वागा शिंपला दोन हजार किलोमीटरांहून दूर, रॉकी पर्वतापलीकडील मीड सरोवरात सापडला. तेथवर कोणताही जलमार्ग नाही. ट्रेलरवरील नावेवाचून दुसरे वाहन संभवत नाही. अर्थात, पाण्यात महिनोन् महिने उभी राहिलेली नाव ही निराळी गोष्ट. तिच्या बुडाला शिंपले खुशाल चिकटलेले असतात.

आता पुन्हा उताराकडे वळू. धोका जर ट्रेलरला गुंतलेल्या शेवाळ-गवतात असेल तर तो दूर करण्यास लागतात दोन हात आणि पाच मिनिटे. मिनेसोटाच्या कायद्यानुसार नावेवरील वनस्पती काढून टाकाव्या लागतात आणि रस्त्यावरून जाताना नावेची बुचे उघडी ठेवावी लागतात. सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्याचा फवारा दहा सेकंद मारला, किंवा नाव पाच दिवस वाळविली, तरीही काम भागते. हे सर्व करवून घेता येईल अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे सार्वजनिक उतार. तो बंद केल्यास नावा थांबणार नाहीत. त्या कोणा परिचिताच्या खाजगी अंगणातून उतरतील, जेथे तपासनीस नसतो. शिवाय काठावरील मालकांचे लाकडी धक्के व नावा उचलून ठेवण्याच्या चौकटी या हंगामभर पाण्यात असतात, आणि विकल्या गेल्या की दुसऱ्या सरोवरात जातात. अशा जुन्या सामानावरूनही मिनेसोटात प्रसार झाल्याचे आढळले, म्हणून ते दुसऱ्या पाण्यात घालण्यापूर्वी २१ दिवस कोरडे ठेवण्याचा नियम तेथे करावा लागला. उतारावर बोट ठेवणाऱ्यांनी या सामानाचा उल्लेख टाळावा, हे मला सहेतुक वाटते.

टाहो सरोवराच्या काठी २००८ पासून मोटारनावांची तपासणी सक्तीची आहे. तपासनीस हजर नसेल तर नाव उतरविता येत नाही. बाहेर पडणारी नाव ट्रेलरला तारेने बांधून मोहोरबंद करतात, आणि मोहोर अभंग असल्यास पुन्हा तपासणी लागत नाही. या सरोवरात झेब्रा वा क्वागा शिंपला रुजलेला नाही. परंतु २०२३ मध्ये तेथे न्यूझीलंडची चिखलगोगलगाय सापडली. काही मिलिमीटरांचा हा प्राणी मासेमाऱ्याच्या बुटांवरूनही येऊ शकतो, आणि बूट पायवाटेनेही काठावर पोहोचतात. तपासणीची मर्यादा यावरून दिसून येते.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या त्रिभुज प्रदेशात सोनेरी शिंपला आढळला. उत्तर अमेरिकेतील ही त्याची पहिलीच नोंद. पुढील वर्षी फॉल्सम सरोवरावर नाव मोहोरबंद करून तीस दिवस बाहेर ठेवल्यावाचून प्रवेश देऊ नये, असा नियम झाला. उतार उघडाच राहिला. मात्र ज्याच्याकडे एकच नाव आहे आणि जो एक आठवडा नदीवर व दुसरा सरोवरावर मासेमारी करीत असे, त्याला दोहोंपैकी एक पाणी निवडावे लागले. दोन नावा बाळगणाऱ्याला ते लागले नाही.