विश्लेषण : खिशातला चाकू औजार की शस्त्र?

शेतकऱ्याच्या खिशातला घडीचा चाकू, चंचीतला अडकित्ता, कलम बांधणाऱ्याची धारदार सुरी या पिढ्यान्‌पिढ्या बाळगल्या जाणाऱ्या वस्तू. जगभरात अशा पारंपरिक चाकूंचे शौकीन आता आपापल्या रोजच्या चाकूंची छायाचित्रे एकमेकांना दाखवतात. आपल्याकडे मात्र तोच चाकू खिशात ठेवावा की नाही, असा प्रश्न पडतो. कायदा नेमके काय सांगतो आणि किल्लारीसारख्या गावात तो कसा लागू होतो?

चाकू खिशात कशासाठी?

औसा तालुक्यातील किल्लारी परिसर सोयाबीन, तूर, ज्वारी आणि उसाचा. खताच्या पोत्याची शिवण उसवणे, सुतळी तोडणे, ठिबकची नळी कापणे, बैलाच्या दाव्याची गाठ सुटत नसेल तर ती कापणे, बांधावर बसून कांदा किंवा काकडी चिरणे, ही कामे दिवसातून दहा वेळा निघतात. विळा आणि खुरपे कामापुरते हातात असते, पण खिशात मावतो तो घडीचा चाकूच. फळबाग असेल तर बोरीला डोळा भरण्यासाठी आणि आंब्याचे कलम बांधण्यासाठी वेगळा कलम चाकू लागतो. त्याची धार इतकी बारीक हवी की काडी एका फटक्यात, साल न फाटता कापली गेली पाहिजे. काप खडबडीत झाला तर सांधा जुळत नाही आणि कलम वाया जाते.

लिहिणाऱ्यांच्या खिशातही चाकू असे. मोडी लिहिण्यासाठी बोरू तासावा लागे आणि त्यासाठी छोटा चाकू दौतीशेजारी ठेवलेला असे. फारसीतून आलेला ‘कलमतराश’ हा शब्द त्याच चाकूचा. इंग्रजीतील ‘पेननाइफ’ हे नावही पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडले. खिशातल्या चाकूचा जन्म मारामारीसाठी झालेला नाही, हे या नावांवरूनच कळते.

ही पाती घडवतो कोण?

गावचा लोहार आणि गावोगाव फिरणारा घिसाडी समाज. पालाशेजारी भाता आणि ऐरण मांडून घिसाडी कुटुंबे विळे, खुरपी, कुऱ्हाडी, सुऱ्या घडवतात. अनेकदा घरातला पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि बाई घण मारते. ट्रक-जीपच्या जुन्या कमानीच्या पट्ट्या हा त्यांचा आवडता माल, कारण ते पोलाद कणखर असते. पाते लाल करून ठोकायचे, आकार द्यायचा आणि मग धारेला ‘पाणी द्यायचे’, म्हणजे तापलेली धार योग्य क्षणी पाण्यात बुडवून कडक करायची. पाणी कमी पडले तर धार मुडपते, जास्त झाले तर तिचा तुकडा उडतो. हे कसब मोजमापावर नाही, तापलेल्या लोखंडाच्या रंगावर चालते.

बाजारात आता यंत्रावर कापलेली, प्लास्टिकच्या मुठीची सुरी स्वस्तात मिळते. ती बोथट झाली की फेकली जाते. घिसाड्याचे पाते पाजवून वर्षानुवर्षे वापरता येते. खंडेनवमीला आणि दसऱ्याला घरातली औजारे पुसून पुजली जातात, तेव्हा आजही विळा-कोयत्यासोबत असे जुने पाते दिसते.

अडकित्ता खिशातून कधी गेला?

मराठवाड्यात चाकूपेक्षाही जास्त खिशांत असलेले धारदार हत्यार म्हणजे अडकित्ता. पान, सुपारी, चुना आणि कात यांसाठी वेगवेगळे कप्पे असलेली कापडी चंची आणि तिच्यात पितळी किंवा लोखंडी अडकित्ता हा घरातल्या ज्येष्ठांचा रोजचा ऐवज होता. पाहुणा आला की चंची पुढे सरकवायची, अडकित्त्याने सुपारी कातरत सोयरिकीपासून बांधाच्या तंट्यापर्यंतच्या गोष्टी निघायच्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मोर, पोपट, घोडे आणि मानवी आकृतींचे अडकित्ते पाहायला मिळतात. रोजच्या वापराच्या वस्तूवर कारागिराने किती जीव लावला होता, हे तिथे दिसते.

तयार पुडी आली आणि सुपारी कातरण्याची गरजच संपली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण तोपर्यंत चंचीची सवय मोडली होती. अर्थात अडकित्त्याच्या आठवणीत रमताना एक गोष्ट विसरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे. अडकित्ता जपावा, पण सुपारी सोडावी हेच खरे.

जगात या चाकूंचे शौकीन का वाढले?

फ्रान्समधील सावोय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू बनवला. तो शेतकरी आणि गुराख्यांच्या खिशात गेला आणि आजही विकला जातो. त्याच दशकात कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडच्या लष्करासाठी चाकू बनवायला सुरुवात केली, त्यातून लाल मुठीचा ‘स्विस नाइफ’ जगभर पोहोचला. जपानमध्ये ‘हिगोनोकामी’ हा पितळी मुठीचा चाकू शाळकरी मुले पेन्सिल तासायला वापरत. १९६० मध्ये तिथल्या एका राजकीय नेत्याची भर सभेत पात्याने हत्या झाली. त्यानंतर मुलांच्या हाती चाकू नको अशी मोहीम निघाली आणि हिगोनोकामी बनवणारे कारखाने एकामागून एक बंद पडले. एका गुन्ह्याची किंमत निरुपद्रवी औजाराने मोजली.

या चाकूंचे शौकीन आपल्या खिशातला चाकू दाखवतात तेव्हा त्यात मिरवण्यापेक्षा वापराच्या खुणांना मान असतो. झिजलेली धार, काळवंडलेले पोलाद, आजोबांकडून आलेली मूठ यांवर चर्चा रंगते. या निकषावर पाहिले तर मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत दाखवण्याजोगा ऐवज फळीवर पडून आहे.

शस्त्र कायद्यात चाकूचे स्थान काय?

शस्त्र कायदा १९५९ चा. त्यातील व्याख्येनुसार हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली वा तशी रूपांतरित केलेली वस्तू म्हणजे ‘शस्त्र’. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू या व्याख्येतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. लाठी आणि साधी हातकाठी ही उदाहरणे कायद्यानेच दिली आहेत. शस्त्र नियमांतील परिशिष्टात तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत चाकूही येतात, पण ९ इंचांपेक्षा (सुमारे २२.९ सेंटिमीटर) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५ सेंटिमीटर) रुंद पात्याचे. तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळली आहेत. शिवाय अशा पात्यांच्या शस्त्रांसाठी परवाना लागतो तो केंद्र सरकारने कलम ४ खाली ज्या भागासाठी तशी अधिसूचना काढली असेल तिथेच.

म्हणजे शेतकऱ्याचा तीन-चार इंची घडीचा चाकू, कलम चाकू किंवा अडकित्ता हे शस्त्र कायद्याच्या भाषेत शस्त्र ठरत नाही. मात्र ‘नऊ इंचांच्या आतले सगळे चालते’ असा अर्थ काढणे चुकीचे. वस्तू कशासाठी बनवली आणि कशासाठी बाळगली, हा कायद्याचा मूळ प्रश्न आहे.

बटणाच्या चाकूचे काय?

बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूची प्रतिमा उत्तर प्रदेशातील रामपूर आणि हिंदी सिनेमातील खलनायकांनी घडवली. दिल्लीत १९८० मध्ये अधिसूचना निघाली आणि ७.६२ सेंटिमीटर वा त्याहून लांब व १.७२ सेंटिमीटर वा त्याहून रुंद पात्याच्या बटणदार, गरारीदार चाकूंवर निर्बंध आले. ही अधिसूचना दिल्लीपुरती. तिच्याखाली दाखल झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आरोपपत्र रद्द केले. अधिसूचनेचा रोख निर्मिती, विक्री किंवा विक्रीसाठी बाळगण्यावर आहे, तसा आरोपच नसेल तर नुसता चाकू सापडल्याने गुन्हा होत नाही, असा त्या निकालाचा आशय. गंमत म्हणजे ज्या रामपुरी चाकूने इतकी बदनामी सोसली, त्याची तब्बल २० फूट उंच प्रतिकृती रामपूरच्या चौकात २०२३ मध्ये उभी राहिली.

मग गावात पोलीस का अडवू शकतात?

याचे उत्तर शस्त्र कायद्यात नाही, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ मध्ये आहे. सण, मिरवणुका, निवडणुका, आंदोलने असली की जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. वर्तमानपत्रांत येणारी त्याची भाषा वाचकांच्या परिचयाची आहे : शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर बाळगण्यास मनाई. इथे पात्याची लांबी मोजली जात नाही. ‘इजा करता येईल अशी वस्तू’ या शब्दांत खुरपेही बसते. अनेकदा पंधरवड्याच्या मुदतीचे नवनवे आदेश निघत राहतात. तो मोडल्यास कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

किल्लारीसाठी हा मुद्दा कागदोपत्री राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर या भागातील गावे नव्या जागी, ऐसपैस आखणीत वसली. अनेकांचे घर आणि शेत यातले अंतर वाढले. पायवाटेने बांधावर जाणारे औजार आता मोटारसायकलवरून, डांबरी रस्त्याने, बाजारातून जाते. काही किलोमीटरवरच्या सास्तूरला गेले की लातूर संपून धाराशिव जिल्हा लागतो आणि प्रत्येक जिल्ह्याचा मनाई आदेश वेगळा असतो. खिशातला चाकू तोच, पण सकाळी निर्धोक असलेला दुपारी आदेशाच्या कक्षेत येऊ शकतो.

कोयत्यावरून काय दिसले?

पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांचे प्रकार वाढले, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या पोलिसांनी कोयता विकताना ग्राहकाचे आधार कार्ड घेण्याच्या सूचना विक्रेत्यांना दिल्या. कोयता हे मराठवाड्यातून दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कामगारांचे पोटाचे औजार. ‘एक कोयता’ म्हणजे तोडणीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे, इतका तो शब्द श्रमाशी जोडलेला आहे. त्याच शब्दापुढे ‘गँग’ लागले आणि औजाराकडे पाहण्याची नजर बदलली. गुन्हेगाराला आवर घालायलाच हवा, पण त्याची झळ उसाच्या फडाकडे निघालेल्या मजुराला बसू नये, याची काळजी अंमलबजावणीत घ्यावी लागते.

श्रद्धेचा भाग असेल तर?

नियमाने अपवाद किती नेमका आखता येतो, याचे उदाहरण शेजारच्या नांदेडमध्ये आहे. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये जिथे निधन झाले, ते तख्त सचखंड हुजूर साहिब शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. कृपाण धारण करणे हा शीख धर्म पाळण्याचा भाग मानला जाईल, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. २०२२ मध्ये नागरी विमान सुरक्षा विभागाने देशांतर्गत विमानप्रवासात शीख प्रवाशांना ६ इंचांपर्यंत पात्याची आणि एकूण ९ इंचांपर्यंत लांबीची कृपाण सोबत ठेवण्यास मुभा दिली. इतर प्रवाशांचा चाकू मात्र हातातल्या बॅगेत चालत नाही, तो चेक-इन सामानातच ठेवावा लागतो.

नियम अधिक स्पष्ट करता येईल का?

ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत पात्याचा, उघडल्यावर पाते कुलूपबंद न होणारा घडीचा चाकू कोणतेही कारण न देता जवळ बाळगता येतो. त्याहून मोठा असेल तर सबळ कारण सांगावे लागते आणि ‘कामासाठी’ हे कारण ग्राह्य धरले जाते. पोलीस आणि नागरिक दोघांनाही रेषा कुठे आहे ते ठाऊक असते. आपल्याकडील मनाई आदेशांतही शेतीकामासाठी जाता-येता नेल्या जाणाऱ्या औजारांचा अपवाद एका ओळीत नोंदवता येईल. त्याने आदेशाचा हेतू ढळणार नाही आणि शेतकऱ्याचा मनस्ताप वाचेल.

तोवर काय करावे?

चाकू घडी करून, शक्यतो कामाच्या पिशवीत इतर औजारांसोबत ठेवावा. मिरवणूक, सभा, मतदान केंद्र, न्यायालय येथे जाताना तो घरी ठेवावा. मनाई आदेश लागू आहे का, हे वर्तमानपत्रात किंवा पोलीस ठाण्यात कळते. दिखाऊ, बटणाचे किंवा दुधारी पाते ‘शेतीसाठी आहे’ असे सांगून पटत नाही, ते घेऊच नये. पोलिसांनी विचारले तर काम काय ते सरळ सांगावे. वस्तू जप्त झाली तर पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी नोंदवली आहे ना, ते पाहावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आवश्यक आहे. रागाच्या भरात मात्र हा चाकू बाहेर निघता कामा नये. तसे झाले तर तो शेतीचा होता, आजोबांचा होता, घिसाड्याने घडवला होता, यातले काहीही न्यायालयात उपयोगी पडत नाही.