पाहणाऱ्याचे ऋण

परदेशी कीर्ती मिळविलेला माणूस मायदेशी परतला की आपण हारतुऱ्यांची तयारी करतो. तो कशासाठी परतला, हे सहसा कोणी विचारीत नाही. २३ मे २०२५ रोजी पॅरिसमध्ये निधन पावलेले ब्राझीलचे वृत्तछायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांच्याबाबतीत मात्र हा प्रश्न विचारावयास हवा.

लष्करी राजवटीमुळे १९६९ साली साल्गादो पत्नी लेलिया यांच्यासह फ्रान्सला गेले. शिक्षणाने ते अर्थशास्त्रज्ञ. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेच्या कामानिमित्त आफ्रिकेत हिंडताना अहवालातील आकड्यांपेक्षा कॅमेऱ्याने टिपलेली माणसे त्यांना अधिक बोलकी वाटू लागली आणि १९७३ मध्ये त्यांनी हाच व्यवसाय पत्करला. सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीतून पोती वाहणारे, चिखलाने माखलेले मजूर, साहेलमधील दुष्काळ, मुंबईच्या चर्चगेट स्थानकावरील गर्दीचा लोंढा, हे सारे त्यांनी कृष्णधवल चित्रांतून जगापुढे ठेवले. दुःखाला ते देखणे करतात, असा आक्षेपही घेतला गेला. तो सर्वस्वी निराधार नव्हे. तथापि ओबडधोबड चित्रापाशी किती पावले थबकली असती?

१९९४ च्या रुआंडातील नरसंहाराने मात्र हा कणखर साक्षीदार कोलमडला. प्रकृती ढासळली, माणसावरचा विश्वास उडाला. अशा मनःस्थितीत ते आयमोरेस येथील वडिलार्जित जमिनीकडे वळले. जंगल तोडून कुरणे केलेली ती जमीनही ओसाड झाली होती. तेथे पुन्हा रान उभारावे, ही कल्पना लेलियाबाईंची. १९९८ मध्ये 'इन्स्तितुतो तेरा' ही संस्था स्थापन झाली. पुढे तिने २० लाखांहून अधिक झाडे लावली; आटलेले झरे वाहू लागले, पक्षी परतले.

साल्गादो मात्र कायमचे परतले नाहीत. त्यांचे बिऱ्हाड अखेरपर्यंत पॅरिसमध्येच राहिले. म्हणूनच हे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे. परदेशी गेलेल्या तरुणांना आपण एक तर कृतघ्न ठरवितो, नाही तर त्यांच्या यशाचा तोरा मिरवितो. जन्मभूमीशी नाते राखण्याची तिसरी वाटही असू शकते, हे आपल्या ध्यानी येत नाही. जगाचे दुःख पाहणे आणि दाखविणे हे मोठेच काम. परंतु केवळ पाहत राहणारा मनुष्य शेवटी आतून करपतो. ज्या मातीने आपल्याला घडविले तिच्यात एक खड्डा खणून रोप लावावे, ते जगते की नाही हे पाहण्यासाठी पुनःपुन्हा यावे, एवढे ऋण कोणालाही फेडता येण्याजोगे आहे.