लॉरी बेकर : विटांशी बोलणारा वास्तुशिल्पकार



वर्गात 'माझे घर' काढायला सांगितलं की बहुतेक मुलं एकच घर काढतात. चौकोनी, सपाट स्लॅबचं. कौलं, जाळी, ओसरी कुणाच्याच चित्रात नसते. घर म्हणजे सिमेंटचा रंगवलेला ठोकळा, हे आपणच त्यांच्या मनात बसवलंय का? म्हणून आज लॉरी बेकर यांची ओळख करून घेऊ.

बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम येथे झाला. वास्तुकलेचं शिक्षणही तिथेच झालं. दुसऱ्या महायुद्धात ते चीनमध्ये रुग्णसेवेला गेले. परतताना बोटीची वाट पाहत मुंबईत थांबावं लागलं आणि तिथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. पायात त्यांनी स्वतः चिंध्यांपासून शिवलेले बूट होते. ते पाहून गांधीजींना कौतुक वाटलं. आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधावं, हा गांधीजींचा विचार आयुष्यभर उपयोगी पडला, असं बेकर सांगत.

१९४५ मध्ये ते कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आले. डॉ. एलिझाबेथ यांच्याशी विवाह झाल्यावर दोघं हिमालयात पिथौरागढला राहिले. तिथे पुस्तकी ज्ञान अपुरं पडलं. दगड, माती, लाकूड कसं वापरायचं हे ते गावातल्या कारागिरांकडून शिकले. पदवीधर माणूस गवंड्याचा विद्यार्थी झाला! पुढे केरळ हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

त्यांची युक्ती साधी होती. भिंतीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या. मध्ये पोकळी राहते, त्यामुळे सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि आत उष्णताही कमी येते. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळया पेलतात, तिथलं काँक्रीट फारसं काम करत नाही. मग तिथे जुनी मंगलोरी कौलं घालायची. खिडकीऐवजी विटांची जाळी केली की उजेड आणि वारा दोन्ही मिळतात. गिलाव्याचा खर्चही नाही.

तिरुवनंतपुरममधलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज आणि बसस्थानकाजवळचं गोलाकार चढत जाणारं इंडियन कॉफी हाऊस ही त्यांची गाजलेली कामं. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी त्यांचं निधन झालं.

स्वस्त म्हणजे हलकं, असं आपण सहज बोलून जातो. बेकरांच्या इमारती आजही उभ्या आहेत. घरासाठी कर्ज काढून वर्षानुवर्षं हप्ते फेडणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर विचार करायलाच हवा.

एक उपक्रम करून पाहा. गावातलं एखादं जुनं घर मुलांना दाखवा आणि तीन प्रश्न विचारा : यातलं साहित्य कुठून आलं? ते कुणी बांधलं? दुपारी आत गार का वाटतं? उत्तरासाठी आजीआजोबांना किंवा गावातल्या गवंडीकाकांना वर्गात बोलवा. त्या दिवशी शिक्षक ते, आणि आपण विद्यार्थी.